स्तंभतीर्थाचे मंत्रीश्वर : महामात्य वस्तुपाल

अबूच्या पहाडावरील देलवाड्याची लूणवसही पाहिली नाही असे कुटुंब आपल्या समाजात विरळाच. श्री नेमिनाथ भगवंतांचे हे जिनालय तेजपालांनी पत्नी अनुपमादेवी व पुत्र लावण्यसिंह यांच्या पुण्यार्थ वि. सं. १२८७ मध्ये प्रतिष्ठित केले. गिरनारवरील मंदिर थोरले बंधू वस्तुपाल यांचे. या दोघा भावांची नावे आपण एका श्वासात घेतो, छताच्या कोरीवकामाकडे मान वर करून पाहतो, पूजा करतो आणि खाली उतरतो. एवढे द्रव्य आले कोठून, हा प्रश्न भाविकाच्या मनात सहसा येत नाही. प्रस्तुत लेखकाचा जन्म कापडाच्या पेढीवर गेला असल्यामुळे त्याच्या मनात तो प्रथम आला. त्याचे उत्तर शोधू गेल्यास ते पहाडावर सापडत नाही. त्यासाठी समुद्रकाठी, खंभातला जावे लागते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने मंत्रीश्वरांच्या चरित्राची ही बाजू वाचकांपुढे ठेवीत आहे.

वस्तुपालांचा जन्म अणहिलवाड पाटणच्या प्राग्वाट, म्हणजे पोरवाड कुळात झाला. चंडप, चंडप्रसाद, सोम व अश्वराज अशी त्यांची वंशावळ शिलालेखांत दिली आहे. पिता अश्वराज, माता कुमारदेवी. लूणिग, मल्लदेव, वस्तुपाल व तेजपाल हे चार भाऊ आणि सात बहिणी असा मोठा परिवार. राज्यकारभाराशी या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध होता. धर्मगुरू नागेंद्र गच्छाचे विजयसेनसूरी. वस्तुपालांच्या दोन पत्नी, ललितादेवी व सोखुका. ललितादेवींचा पुत्र जैत्रसिंह, ज्याला काव्यांतून जयंतसिंह असेही म्हटले आहे.

तो काळ गुजरातच्या पडतीचा होता. चालुक्य राजा दुसरा भीमदेव लहान वयात गादीवर आला आणि मांडलिकांनी व मंत्र्यांनी राज्याचे लचके तोडण्यास आरंभ केला. बुडते राज्य सावरले ते धोळक्याच्या वाघेला शाखेतील लवणप्रसाद व त्याचा पुत्र वीरधवल यांनी. नाव भीमदेवाचे आणि तलवार या पितापुत्रांची, अशी व्यवस्था होती. गिरनारच्या शिलालेखांप्रमाणे वि. सं. १२७६ पासून, म्हणजे इ. स. १२२० च्या सुमारापासून, धोळका आदी नगरांची राजमुद्रा या बंधूंच्या हाती आली. हे पद स्वीकारण्यापूर्वी, उद्या राजाची मर्जी फिरली तरी आमची आजची संपत्ती आमच्याकडेच राहील, असे त्यांनी वीरधवलाकडून कबूल करून घेतल्याची हकीकत प्रबंधांत आहे. खरी असो वा नसो, ती वाण्याच्या मुलाला शोभणारी आहे.

या राज्याचा प्राण खंभात होता. जैन ग्रंथांत त्याचे नाव स्तंभतीर्थ, जुन्या मराठीत खंबायत. मही नदी जेथे सागराला मिळते तेथे, आखाताच्या अगदी माथ्यावर हे बंदर वसले आहे. या आखातात भरती-ओहोटीतील अंतर ३० फुटांच्या आसपास जाते. ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो आणि भरतीचे पाणी भिंतीसारखे चालून येते. वाट माहीत नसलेले गलबत तेथे टिकत नाही. अरबस्तान व इराणकडून घोडे यायचे, इकडून सुती कापड, नीळ आणि कातडी माल जायचा. घोड्यावाचून सैन्य नाही आणि जकातीवाचून घोड्याची किंमत नाही. म्हणून ज्याच्या हाती खंभातची मांडवी, त्याच्या हाती गुजरात. परंतु आखाताच्या पूर्व काठावर, नर्मदेच्या मुखाशी भरुच होते आणि ते लाटच्या सिंधुराजाचा पुत्र शंख ऊर्फ संग्रामसिंह याच्याकडे होते. एकाच जलमार्गाच्या दोन काठांवर दोन धनी होते. कोणताही व्यापारी सांगेल की अशी समोरासमोरची दुकाने फार काळ सलोख्याने चालत नाहीत.

खंभातच्या कारभारावर आल्यानंतर वस्तुपालांनी काय केले, याचे वर्णन राजपुरोहित सोमेश्वर कवीच्या कीर्तिकौमुदीत आहे. हा कवी ब्राह्मण, शैव आणि वस्तुपालांचा मित्र. त्यामुळे स्तुतीचा भाग वजा करूनच ते वाचावे. तरी त्यातील बारकावे कारभाऱ्याचे आहेत. अनीतीने पैसा मिळविणारे थंडावले, समुद्रावरील चाचेगिरी बंद झाली, प्रत्येकजण आपापला व्यवसाय निर्धास्तपणे करू लागला, असे तो सांगतो. ताक विकले जाई तेथे मंत्र्यांनी ओटे बांधून सर्व जातींची सरमिसळ थांबविली, असेही तो कौतुकाने नोंदवितो. ही त्या काळची समजूत होती, आज आपण तिचे कौतुक करणार नाही. मात्र सागरावरची चाचेगिरी आणि ताकाचा ओटा या दोन्ही गोष्टी एकाच अधिकाऱ्याच्या नजरेत होत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

संकट आले ते दक्षिणेकडून, म्हणजे आपल्याकडून. त्या वेळी देवगिरीच्या गादीवर यादव सम्राट सिंघण होता आणि आजचा जळगाव-धुळे हा प्रदेश त्याच्या साम्राज्यात मोडत होता. चाळीसगावजवळील पाटणे येथे त्याचे निकुंभ वंशीय सामंत राज्य करीत. तेथेच भास्कराचार्यांचा नातू व सिंघणाचा राजज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. शके ११२८ मध्ये त्याला मिळालेल्या दानाचा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याच डोंगरात नागार्जुन कोठडी म्हणून ओळखले जाणारे जैन लेणे आहे आणि त्यात तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. म्हणजे आपल्या या भूमीत तेव्हा जिनपूजा होत होती, पण ही भूमी वस्तुपालांच्या शत्रुपक्षाची होती. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज मारवाड-गुजरातेतून पुष्कळ नंतर येथे आले. त्यामुळे या कथेत आपण कोणत्या बाजूला उभे राहावयाचे, हे प्रत्येकाने आपापले ठरवावे.

देवगिरीहून लाटेत उतरावयाचे तर तापीचे खोरे हा सरळ मार्ग. सिंघणाची सेना तापीकाठी आल्याची वार्ता पसरताच गुजरातेत हाहाकार उडाला. लोकांनी घरे बांधणे सोडले, धान्य साठविणे सोडले आणि गाड्या जोडून ठेवल्या, अशा आशयाचे वर्णन सोमेश्वराने केले आहे. लवणप्रसाद मही नदीपर्यंत सामोरा गेला. एवढ्यात मारवाडचे चार राजे उत्तरेकडून उठले आणि गोध्रा व लाट येथील मांडलिक फितूर होऊन त्यांना मिळाले. पुढे यादव आणि मागे मारवाड, अशा कात्रीत सापडलेल्या पितापुत्रांना माघारी वळून मारवाडकडे धावावे लागले. नेमकी हीच संधी साधून शंखाने खंभातवर हक्क सांगितला. बंदर आपल्या वडिलांचे आहे, ते सोपवावे आणि मंत्रीपद आपल्याकडे स्वीकारावे, असा निरोप घेऊन त्याचा दूत वस्तुपालांकडे आला.

वीरधवल दूर होता, सैन्य थोडे होते. पैसा, पद आणि प्राण या तिन्हींची हमी समोरून मिळत होती. वस्तुपालांनी नकार दिला.

यात एक नाव आणखी गुंतले आहे. खंभातमध्ये सादिक नावाचा एक धनाढ्य नौवित्तक, म्हणजे जहाजांचा मालक, राहत असे. तो अधिकाऱ्यांना जुमानीत नसे आणि शंखाला त्यानेच पाचारण केले, असे प्रबंधकार लिहितात. बंदरावर खरी सत्ता जकात घेणाऱ्याची की जहाजे पाठविणाऱ्याची, हा या भांडणाचा गाभा होता. खंभातजवळ वटकूप येथे लढाई झाली. वस्तुपाल स्वतः रणांगणात उतरले. त्यांचा शूर योद्धा भुवनपाल शंखाशी झुंजताना पडला; त्याच्या स्मरणार्थ मंत्रीश्वरांनी भुवनपालेश्वर हे शिवालय बांधविले. जैन मंत्र्याने आपल्या शैव सहकाऱ्याचे स्मारक त्याच्याच श्रद्धेनुसार उभारले, ही गोष्ट देलवाड्याच्या घुमटाइतकीच सांगण्यासारखी आहे असे मला वाटते. शंख पराभूत होऊन भरुचला परतला, सादिकची संपत्ती जप्त झाली आणि वि. सं. १२७९ पासून खंभातचा कारभार कुमार जैत्रसिंहाकडे आला. मही खोऱ्यातून माळव्याकडे जाणारा मार्ग अडवून बसलेल्या गोध्र्याच्या घूघुलाला पुढे तेजपालांनी जेरबंद केले. बंदर ताब्यात असून बंदरापर्यंतचा रस्ता लुटारूच्या हातात असेल, तर त्या बंदराचा उपयोग काय?

सिंघणाचे भय मात्र टळले नव्हते. याच सुमारास जयसिंहसूरींनी हम्मीरमदमर्दन हे संस्कृत नाटक लिहिले आणि जैत्रसिंहाच्या इच्छेवरून ते खंभातच्या भीमेश्वर मंदिराच्या उत्सवात सादर झाले. त्याची वि. सं. १२८६ ची ताडपत्रीय प्रत उपलब्ध आहे, म्हणजे ही साक्ष समकालीन ठरते. नाटकात वस्तुपालांचे हेर सिंघणाच्या छावणीत शिरतात. निपुणक त्याचा विश्वास संपादन करून त्याला तापीकाठच्या अरण्यात थोपवून धरतो. दुसरा हेर सुवेग तापसाच्या वेषात पकडला जातो आणि त्याच्या जटांत एक पत्र सापडते. पत्र माळव्याच्या देवपालाचे, शंखाला लिहिलेले. सोबत पाठविलेल्या घोड्याचा उल्लेख आणि यादव सैन्य गुजरातेत शिरताच दोघांनी मिळून त्यावर तुटून पडण्याचा बेत. पत्र बनावट होते. परंतु देवपालाच्या नावाचा घोडा छावणीत खरोखरच सापडला. सिंघणाला संशय आला, शंख भयाने पळाला आणि जूट मोडली. नाटक ते नाटकच, तेव्हा प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा घडला असे म्हणता येणार नाही. तरी तापीच्या काठी, आपल्याच मुलखाच्या पाण्यावर, गुजरातचे राज्य एका कागदाने वाचविले गेले अशी समजूत त्या पिढीत रूढ होती, एवढे निश्चित.

त्या काळच्या राजनीतीचे एक कोरडे, म्हणूनच अधिक मौल्यवान साधन म्हणजे लेखपद्धती. कारकुनांना दस्तऐवज कसे लिहावेत हे शिकविणारा हा नमुन्यांचा संग्रह आहे. वाणिज्य शाखेत आम्हाला करारपत्रांचे नमुने घोकावे लागत, त्याची हा ग्रंथ पाहताना आठवण होते. त्यात वि. सं. १२८८ च्या वैशाख शुद्ध पौर्णिमेचा, सिंघण व लवणप्रसाद यांच्यातील तह दिला आहे. दोघांनी आपापल्या पूर्वापार सीमेत राहावे, एकमेकांवर चाल करू नये, बलिष्ठ शत्रू एकावर आला तर दुसऱ्याने साह्यास जावे, आणि एका राज्यातून धन घेऊन पळालेल्या सरदाराला दुसऱ्याने आश्रय देऊ नये, अशी त्यातील कलमे. हा प्रत्यक्ष तह की केवळ नमुना, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यात वस्तुपालांचे नाव नाही, म्हणून तो त्यांनीच घडविला असे मी म्हणणार नाही. परंतु शेवटचे कलम पाहा. ज्या राज्याची तिजोरी एका बंदरावर चालते, त्याला पळालेल्या सरदाराचे भय सर्वांत मोठे. शंखाच्या प्रकरणाने ते पुरते शिकविले होते.

आता दिल्लीकडे वळू. चरित्रातील सर्वांत गाजलेला आणि सर्वांत अडचणीचा भाग हा आहे. दिल्लीच्या गादीवर तेव्हा अल्तमश होता. इ. स. १२२१ मध्ये चंगीझखान सिंधूपर्यंत येऊन गेला होता आणि इराणकडील खुष्कीचा मार्ग उद्ध्वस्त झाला होता. अशा वेळी दिल्ली दरबारच्या माणसाला मक्का किंवा बगदाद गाठावयाचे तर गुजरातचा समुद्र अधिक सोयीचा होता. मक्केला निघालेले यात्रेकरू खंभातच्या धक्क्यावर उतरत आणि तेथे त्यांची गाठ एका जैन मंत्र्याशी पडे.

पुढे काय घडले, याच्या तीन हकीकती आहेत. जयसिंहसूरींच्या नाटकात, बगदादहून सागरमार्गे परतणाऱ्या सुलतानाच्या दोन गुरूंना वस्तुपालांनी पकडून अडकवून ठेवले आणि त्यांच्या सुटकेसाठी सुलतानाला मैत्री करावी लागली. मेरुतुंगाचार्यांच्या प्रबंधचिंतामणीत, जो वि. सं. १३६१ मध्ये पूर्ण झाला, चित्र पालटते : सुलतानाचा गुरू मक्केस जाण्यासाठी आला असता राजाला त्याला पकडण्याचा मोह झाला, वस्तुपालांनी त्यापासून परावृत्त केले, गुरूचा सत्कार केला आणि त्यातून मैत्री जुळली. आणखी सुमारे ४४ वर्षांनी राजशेखरसूरी प्रबंधकोशात तिसरी कथा सांगतात. सुलतानाची माता हजसाठी खंभातला आली. मंत्र्यांनी आपल्याच माणसांकरवी गुपचूप तिचे धन लुटविले. ती तक्रार घेऊन येताच मोठा संताप दर्शवून तपास केला, सर्व धन जसेच्या तसे परत केले, तिचा आदरसत्कार केला आणि परतीच्या वेळी तिला दिल्लीपर्यंत पोहोचविले. सुलतान प्रसन्न झाला. राज्यांत मैत्री झाली आणि शत्रुंजयावरील मूर्तींसाठी उत्तम संगमरवर मंत्रीश्वरांनी मागून घेतला.

प्रवचनांत बहुधा हीच तिसरी कथा रंगवून सांगितली जाते आणि चातुर्याला टाळ्या मिळतात. मला ती पटत नाही. अल्तमश बालपणीच भावांकडून गुलाम म्हणून विकला गेला होता. त्याची माता दिल्लीहून हजला निघाली हे संभवनीय वाटत नाही. दुसरे म्हणजे, पाहुण्याचे धन लुटून ते परत करण्याचा देखावा हे व्यापाऱ्याच्या दृष्टीने चातुर्य ठरत नाही. बंदराची पत एकदा गेली की जहाजे दुसऱ्या काठाला लागतात. मनाला भावते ती मेरुतुंगाचार्यांची कथा. पण भावते म्हणून ती खरी मानणे योग्य नव्हे. नाटक वस्तुपालांच्या हयातीत, त्यांच्या पुत्राच्या इच्छेवरून रचले गेले आणि त्यात अटकेची गोष्ट अभिमानाने सांगितली आहे. कदाचित प्रथम अडविले असेल आणि मग सन्मानाने सोडले असेल. समुद्राची वाट ज्याच्या हाती असते त्याला दोन्ही करता येते, आणि व्रतस्थ श्रावक असूनही वस्तुपाल हे एका लढणाऱ्या राज्याचे मंत्री होते. ही गोष्ट लपविल्याने त्यांची थोरवी वाढत नाही. तिन्ही कथांत एक मुद्दा समान आहे : दिल्लीची माणसे खंभातवरून जात होती, आणि दिल्ली व धोळका यांच्यातील सलोखा त्या धक्क्यावर ठरला. इ. स. १२२९ मध्ये बगदादच्या खलिफाकडून अल्तमशला राजमान्यतेची वस्त्रे मिळाली, हा इतिहास आहे. नाटकातील बगदादचा संदर्भ त्यामुळे निव्वळ कल्पित वाटत नाही.

परधर्मीयांशी न्यायाने वागण्याची परंपरा खंभातला जुनीच होती. तेथील मशीद दंगलीत जाळली गेली असता राजा सिद्धराज जयसिंहाने स्वतः चौकशी करून अपराध्यांना दंड केला आणि मशिदीच्या पुनर्बांधणीसाठी द्रव्य दिले, अशी हकीकत औफी या मुसलमान लेखकाने नोंदविली आहे. वस्तुपालांनीही मशिदी बांधविल्याचे प्रबंधकार सांगतात. अरब व्यापारी दूर गेला तर मांडवी ओस पडते, हा हिशेब त्यामागे असेलही. हिशेब आणि औदार्य एकत्र नांदू शकतात.

या साऱ्या धामधुमीत मंत्रीश्वर स्वतः काव्यही रचीत होते. नरनारायणानंद हे त्यांचे १६ सर्गांचे महाकाव्य. कवी म्हणून त्यांचे नाव वसंतपाल. अनेक कवी व सूरी त्यांच्या आश्रयाने लिहिते झाले.

वीरधवलाच्या निधनानंतर वीसलदेव गादीवर आला आणि बंधूंचा पूर्वीचा प्रभाव ओसरू लागला. वस्तुपाल वृद्ध व आजारी होते. शत्रुंजयाच्या यात्रेला निघाले असता वाटेत अंकेवालिया गावी वि. सं. १२९६ च्या माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे इ. स. १२४० च्या आरंभी, त्यांचे देहावसान झाले. याच सुमारास यादवांशी असलेला सलोखाही तुटलेला दिसतो. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचा पुत्र राम गुजरातच्या सैन्याशी लढताना नर्मदेकाठी पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ बांधविलेल्या मंदिराचा शके ११६२ चा शिलालेख अंबेजोगाईस आहे.

 इ. स. १२९९ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या सैन्याने बंदर लुटले. त्या लुटीत एक गुलाम दिल्लीला गेला. तो मलिक काफूर. इ. स. १३०७ मध्ये देवगिरीवर चालून आलेल्या फौजेचा सेनापती तोच होता.

पालिताण्याच्या यात्रेस निघालेल्या आपल्या मंडळींनी थोडी वाकडी वाट करून खंभातला एक दिवस द्यावा. बंदर आता गाळाने भरले आहे, समुद्र दूर सरकला आहे आणि मोठी जहाजे तेथे येत नाहीत. पाहावयाचा तो श्री शांतिनाथ ताडपत्रीय ज्ञानभंडार. उदयप्रभसूरींच्या धर्माभ्युदय काव्याची वि. सं. १२९० ची प्रत त्या भंडारात आहे आणि ती महामात्य वस्तुपालांनी स्वहस्ते लिहिलेली आहे.